सेव्हन्थ स्ट्रीटवरची ती रात्र: गौरी, पाऊस आणि मायनर थ्रेट

गुरुवार, २१ सप्टेंबर २०२३

ऑफिसचं काम बुधवारीच उरकलं होतं. परतीचं विमान रविवारी रात्रीचं. मधले चार दिवस मामाकडे. हा मामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. सहा वर्षांचा असताना, १९७३ साली, आप्पाआजोबांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, बोट धरून पुण्याहून इकडे अमेरिकेत आला आणि मेरीलँडचाच झाला. त्याचं मराठी मात्र १९७३ सालीच थांबलंय. अजून ट्रेनला आगगाडी म्हणतो आणि फ्रिजला शीतकपाट. शीतकपाट आपल्याकडे तेव्हा तरी कोण म्हणत होतं देव जाणे, पण आप्पाआजोबा म्हणायचे, म्हणून हाही म्हणतो.

गेदर्सबर्गच्या घरी पोचलो तर दारातच मामी ओरडली, "थांब थांब, पावलांवर पाय देऊ नकोस!" गौरींचं आवाहन होतं. दारापासून दिवाणखान्यापर्यंत हळदीकुंकवाची पावलं उमटवली होती आणि खाली कार्पेट खराब होऊ नये म्हणून रंगाऱ्यांचं पारदर्शक प्लास्टिक अंथरलं होतं. गौरी त्या प्लास्टिकवरून चुरचुर आवाज करत घरात आल्या. पिठाच्या डब्यावर साडी नेसवून, मुखवटे बसवून मामी घामाघूम. मामा शेजारी उभा राहून सेफ्टीपिना पुरवत होता. अंगात काळा टीशर्ट, त्यावर एक मेंढी कळपाच्या उलट दिशेनं चाललेली. मायनर थ्रेट या बँडच्या 'आउट ऑफ स्टेप' या रेकॉर्डवरची ती काळी मेंढी. मामी म्हणाली, "निदान आज तरी सदरा घाल." मामानं टीशर्टवरच सदरा चढवला.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. २३ सप्टेंबर १९८३, शुक्रवार. वॉशिंग्टन डीसीत मायनर थ्रेट हा हार्डकोर पंक, म्हणजे सुसाट वेगानं ओरडून गाणारा, बँड शेवटचा वाजला. मामा तेव्हा सोळा वर्षांचा आणि तो तिथे होता. या शनिवारी त्या कार्यक्रमाला चाळीस वर्षं होणार. तारखा जुळतायत असं कळल्यावर मीच फोन करून म्हटलं, मामा, या वेळी मला ती सगळी ठिकाणं दाखव.

माझी या बँडशी ओळख मामानंच करून दिली. १९९४ साली तो एका लग्नाला पुण्यात आला होता आणि जाताना एक कॅसेट ठेवून गेला. या बँडची सगळी गाणी १९८९ साली एकत्र निघाली: गाणी २६, एकूण वेळ ४७ मिनिटं. अख्खी कारकीर्द ४७ मिनिटांत! मामानं ती नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला भरली होती. एका बाजूला मावतात ४५ मिनिटं. त्यामुळे शेवटचं 'सॅलड डेज' हे गाणं मध्येच खटकन तुटायचं. ते तसंच आहे असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. पूर्ण ऐकलं तेव्हा कॉलेज संपलं होतं.

रात्री जेवताना मामानं परवानगीची गोष्ट सांगितली. घरात सगळे शंभरदा ऐकून बसलेत, मी पहिल्यांदाच ऐकली. पंक म्हटल्यावर आप्पाआजोबांनी साफ नाही म्हटलं. मग मामानं त्यांना डायनिंग टेबलापाशी बसवून 'स्ट्रेट एज' या गाण्याचा मराठीत अर्थ सांगितला. गाणं पाऊण मिनिटाचं, समजावून सांगायला अर्धा तास लागला. हे लोक दारू पीत नाहीत, सिगरेट ओढत नाहीत, ड्रग्ज घेत नाहीत आणि तेच ओरडून सांगतात, वगैरे. आप्पाआजोबा विचारात पडले. म्हणाले, "हे समर्थांचंच चाललंय की. पण समर्थ इतके ओरडत नसत." शेवटी परवानगी मिळाली, अट एकच: दहा वाजता गाडी बाहेर उभी असेल. आजी तरीही कुरकुरत होती. आदल्या दिवशी पौर्णिमा झालेली, म्हणजे त्या दिवसापासून पितृपक्ष. "पितरांच्या पंधरवड्यात कसले रे कार्यक्रम!"

शुक्रवार, २२ सप्टेंबर

आज गौरीजेवण. मामीनं बजावलं होतं, चारच्या आत परत या. सवाष्णी पाचला येणार.

शेडी ग्रोव्हहून रेड लाइन पकडली. गॅलरी प्लेसला उतरलं की दोन मिनिटांवर मार्टिन लूथर किंग लायब्ररी. मीस व्हॅन डर रोहनं आखलेली काळ्या पोलादाची आणि काचेची इमारत, १९७२ साली उघडलेली, मध्यंतरी डागडुजी होऊन २०२० साली पुन्हा सुरू झालेली. बाहेरून पाहिलं तर एखादं आयकर खातं असेल असं वाटावं. आणि याच लायब्ररीत २०१४ पासून शहराच्या पंकचा रीतसर दफ्तरखाना आहे. सरकारी लायब्ररीनं पंकची पत्रकं, हातानं काढलेली मासिकं, टेप असं सगळं ॲसिड न लागणाऱ्या खोक्यांत जपून ठेवावं, याचं मला फार कौतुक वाटलं. आपल्याकडे तमाशाच्या फडांची जुनी हँडबिलं कोणी अशी ठेवली असतील का, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

आम्ही आधी मेल टाकून वेळ घेतली होती. पेन चालत नाही, पेन्सिल चालते. खोकं उघडलं आणि मामा एकदम गप्प झाला. झेरॉक्सवर झेरॉक्स काढून अक्षरं फुटलेली पत्रकं, कात्रीनं कापून चिकटवलेली वृत्तपत्रातली शीर्षकं, स्टेपलच्या गंजाचे ठिपके. त्याला त्या २३ तारखेचं पत्रक हवं होतं, पण आम्ही मागवलेल्या खोक्यांत ते नव्हतं. दुसरं बरंच होतं. एका सिंगलचं कागदी कव्हर हातात घेऊन मी उजेडात धरलं तर आत डिंकाचा पिवळा पट्टा दिसला, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. मामा म्हणाला, "हाताने चिकटवायचे. आम्ही पोरं जमिनीवर बसून."

डिस्कॉर्ड ही मायनर थ्रेटच्या पोरांची रेकॉर्ड कंपनी अशीच सुरू झाली. मायनर थ्रेटचा गायक इयन मकाय आणि ड्रमर जेफ नेल्सन यांचा आधीचा बँड टीन आयडल्स १९८० साली मोडला, तेव्हा गल्ल्यात सुमारे सहाशे डॉलर साठले होते. वाटून घेण्याऐवजी त्यांनी त्यातून रेकॉर्ड काढायचं ठरवलं. कव्हर कसं करतात हे माहीत नव्हतं, म्हणून एक विकत आणलेलं कव्हर उसवून त्याचा साचा काढला. पहिल्या हजार प्रतींची कव्हरं कापायची, दुमडायची, चिकटवायची. मित्रमैत्रिणी बसून करायच्या. मामा त्या पहिल्या खेपेत नव्हता, तेरा वर्षांचा होता. पुढच्या कुठल्यातरी खेपेला होता. कुठल्या ते त्याला सांगता येईना. बहुतेक डिंक लावायला बसलेल्या कोणाला नुसतं बघत बसला असेल. मी जास्त खोदलं नाही.

हातावरच्या काळ्या फुलीचीही गोष्ट इथलीच. टीन आयडल्स कॅलिफोर्नियाला गेले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्समध्ये त्यांना अल्पवयीन म्हणून आत सोडेनात. शेवटी हातावर मोठी फुली काढून सोडलं, म्हणजे बारवाल्याला कळावं, याला दारू द्यायची नाही. पोरांनी परत येऊन डीसीच्या नाइन थर्टी क्लबला तेच सुचवलं: फुली काढा, पण गाणं ऐकू द्या. क्लबची सोय म्हणून काढलेली फुली पुढे पोरांनी अभिमानानं मिरवली. मामाच्या हातावरची फुली दोन दिवस गेली नाही. आजीनं चिंच लावून घासली होती म्हणे.

लायब्ररीतून निघून सेव्हन्थ स्ट्रीटनं खाली आलो. ई स्ट्रीटच्या कोपऱ्यावर लॅन्सबर्ग. हेच ते. लॅन्सबर्ग हे इथलं जुनं डिपार्टमेंट स्टोअर, १९७३ साली बंद पडलं. रिकाम्या इमारतीत काही वर्षं कलाकेंद्र चाललं आणि तिथेच तो कार्यक्रम झाला. आता वर महागडे फ्लॅट आणि खाली शेक्सपिअर कंपनीचं थिएटर आहे. दारवान चांगला इस्त्रीचा कोट घालून उभा. मामानं त्याला विचारलं, इथे १९८३ साली मायनर थ्रेट वाजले होते, माहितीय? तो हसून म्हणाला, मी १९९० सालचा.

फुटपाथवर उभा राहून मामानं सगळं सांगितलं. त्या रात्री तीन बँड होते: टेक्ससहून आलेले बिग बॉइज, मायनर थ्रेट आणि ट्रबल फंक. ट्रबल फंक हा गो-गोवाला बँड, आणि गो-गो म्हणजे डीसीचं स्वतःचं काळ्या वस्तीतलं संगीत. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाताना ढोल थांबतच नाहीत, तास-तास चालतं. (२०२० साली शहरानं कायदा करून गो-गोला अधिकृत संगीताचा मान दिला.) आणि त्याच मंचावर पाऊण मिनिटात गाणं संपवणारे पंक. एकीकडे न थांबणारे, दुसरीकडे सुरू व्हायच्या आत थांबणारे. गोरी पोरं आणि काळी पोरं एका हॉलमध्ये, आणि मधे आमचा मामा, दोन्हीत न बसणारा, आप्पाआजोबांनी घेऊन दिलेली कॉर्डरॉयची पँट घालून.

"गरम किती होतं सांगू! भिंतींना घाम. इयन मायक्रोफोन गर्दीत द्यायचा आणि पोरं त्यावर तुटून पडायची. माझा एक बूट गेला. मग मिळाला, पण दुसऱ्याच कोणाचा." शेवटचा कार्यक्रम आहे हे माहीत होतं का, असं मी विचारलं. "छे. आम्हाला कुठे ठाऊक. नेहमीसारखाच शुक्रवार. नंतर कळलं." आणि शेवटी काय वाजवलं? 'लास्ट साँग', म्हणजे शेवटचं गाणं. पुढे 'सॅलड डेज' या नावानं निघालं ते हेच. मामानं हे पटकन सांगितलं आणि घड्याळाकडे बघून म्हणाला, "चल, उशीर होतोय."

तरी एफ स्ट्रीटवरून गेलोच. ९३० नंबरच्या इमारतीत जुना नाइन थर्टी क्लब होता, १९८० ते १९९६. नाव पत्त्यावरूनच पडलं. कायद्यानं माणसं मावायची १९९, मावायची ती वेगळीच. मागची गल्ली फोर्ड्स थिएटरच्याही मागची. लिंकनला गोळी घालून बूथ तिथूनच घोड्यावरून पळाला. पंक पोरं त्याच गल्लीत घाम वाळवत उभी राहायची. आता सगळं चकचकीत आहे. क्लब १९९६ साली व्ही स्ट्रीटला गेला आणि तो मोठा झाला.

घरी साडेचारला पोचलो. मामी काही बोलली नाही, तेच वाईट. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबिल. मामानं आंबिल दोनदा मागून घेतली, तेव्हा कुठे ती हसली.

शनिवार, २३ सप्टेंबर

चाळीस वर्षं झाली आणि आभाळ फाटलं. ओफेलिया नावाचं वादळ सकाळी नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर चढलं होतं. इकडे त्याचा पाऊस. मुठा नदीला पूर आल्यावर भिडे पुलाजवळ बघ्यांची गर्दी होते तो पाऊस आठवावा. इथे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

तरीही निघालो, गाडीनं. आधी कोलंबिया हाइट्स, सिक्स्टीन्थ स्ट्रीटजवळचं विल्सन सेंटर. मुळात प्रेस्बिटेरियन चर्च, प्रेसिडेंट विल्सन तिथे जायचे म्हणून ते नाव. १९८१च्या सुमारास तळघरात हार्डकोरचे कार्यक्रम व्हायचे, आता शाळा आहे. मायनर थ्रेटच्या पहिल्या रेकॉर्डवर (आठ गाणी, जेमतेम नऊ मिनिटं) जो टक्कल केलेला मुलगा पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसलाय, तो इयनचा धाकटा भाऊ ॲलेक, आणि पायऱ्या इथल्याच. पायऱ्यांवरून पाणी धो धो वाहत होतं. काच खाली करून मी फोटो काढला. फोटोत फक्त वायपर आलाय.

मग नदी ओलांडून आर्लिंग्टन. डिस्कॉर्ड हाउस, म्हणजे त्या रेकॉर्ड कंपनीचं घर, तिथे आहे. ग्लेन फ्रीडमननं १९८३ साली त्या घराच्या ओट्यावर बँडमधल्या चौघांचा फोटो काढला, तो 'सॅलड डेज'च्या कव्हरवर आला आणि जगभरचे चाहते तिथे तसेच बसून फोटो काढतात. मलाही काढायचा होता. मामानं त्या गल्लीत गाडी वळवलीच नाही. "अरे, ते कोणाचं तरी घर आहे. आपल्या ओट्यावर उद्या कोणी येऊन बसलं तर?" मी जरा खट्टू झालो. आता वाटतं, बरोबर होतं त्याचं. चार रस्ते पलीकडून त्यानं हात केला, "त्या झाडांच्या मागे," आणि आम्ही कॉफी प्यायलो.

कॉफीवर मी विचारलं, बँड मोडला कशामुळे रे? मामा म्हणाला, नेहमीचंच. बँडमधल्या लायल प्रेसलर आणि ब्रायन बेकर यांना आवाज मोठा, यू-टू या बँडसारखा करायचा होता, इयनला नव्हता. तो तालमींना यायचाच बंद झाला. शेवटचा कार्यक्रम सप्टेंबरात, आणि डिसेंबरात, बँड मोडल्यावर, स्टुडिओत जाऊन तीन गाणी तेवढी करून ठेवली. ती बाहेर आली १९८५ साली. मोडलेल्या संसारात दोघं मिळून शेवटची वीजबिलं भरतात तसं. ब्रायन पुढे बॅड रिलिजन या बँडमध्ये गेला, लायल वकील झाला, इयननं १९८७ साली फुगाझी हा नवा बँड काढला. आणि मायनर थ्रेट पुन्हा एकदाही वाजला नाही. बाकीचे बँड दर दोन वर्षांनी निरोप घेतात आणि परत येतात, तिकिटाचा भाव वाढवून. यांनी निरोप घेतलाच नाही, तरी परत आले नाहीत.

संध्याकाळी विसर्जन. मामाचा गणपती गौरींबरोबर जातो. मागच्या डेकवर निळी प्लास्टिकची बादली, वर पाऊस. मामीनं छत्री धरली ती गणपतीच्या डोक्यावर, मामा भिजला. आरती भरभर झाली. दहीभाताची शिदोरी केळीच्या पानाऐवजी अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये. शाडूची मूर्ती पाण्यात गेली, बुडबुडे आले, आणि शेजारच्या घराच्या खिडकीतून एक म्हातारे गृहस्थ हात हलवत होते. त्यांना दरवर्षीचं पाठ झालंय. "पुढच्या वर्षी लवकर या," मामा ओरडला. चांगला घसा आहे त्याचा.

रविवार, २४ सप्टेंबर

पाऊस होताच. सिल्व्हर स्प्रिंगच्या एका डायनरमध्ये मामाचे दोन जुने सवंगडी आले होते. एक बाई, शाळेत गणित शिकवतात. एक गृहस्थ, लोकांच्या घरचे हीटर दुरुस्त करतात. दोघेही त्या रात्री लॅन्सबर्गमध्ये होते. मला वाटलं होतं, तिघं मिळून सगळं सांगतील. तिघांनी तीन कार्यक्रम सांगितले. बाईंच्या आठवणीत हॉल अर्धा रिकामा, हीटरवाल्यांच्या आठवणीत श्वास घ्यायला जागा नव्हती. बाई म्हणाल्या, मला तेव्हा ट्रबल फंकच जास्त आवडले, हे मी वीस वर्षं कोणाला सांगितलं नाही. हीटरवाले अंड्याचा घास तोंडात तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

मग मामानं बुटाची गोष्ट काढली. बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, बूट मी आणून दिला तुला, सोमवारी शाळेत. तू कुठे होतास शेवटाला? तुझे वडील बाहेर गाडी घेऊन उभे होते ना, दहा वाजता? तू एका पायात बूट घालून पळालास.

मामानं पॅनकेकवर सिरप ओतलं. बरंच ओतलं. विषय बदलला. पुढे निक्सन, शाळेचे मास्तर, कोणाचे गुडघे, कोणाचं बायपास असं बोलणं झालं आणि दीड तासानं आम्ही उठलो.

डलेस विमानतळाच्या रस्त्यावर वायपर जोरात. मी काही विचारलं नाही. टायसन्स मागे गेल्यावर तो आपणहून बोलला.

"गाडी अगदी दारात होती. आप्पा आत बसून टाइम वाचत होते, दिवा लावून. मी मागचं दार उघडलं तेव्हा वर नवीन काहीतरी सुरू झालं होतं. खिडक्या उघड्या होत्या, ऐकू येत होतं."

"शेवटचं गाणं?"

"ते कुठे माहीत होतं? आप्पा म्हणाले, बस, भिजशील. पाऊस नव्हताच, ते मला म्हणत होते, घामाने भिजलास. मी बसलो. म्हटलं, नवं गाणं आहे, पुढच्या वेळी नीट ऐकू."

टर्मिनलपाशी त्यानं माझी बॅग उतरवून दिली. मामीनं दिलेले कानवले वरच्या कप्प्यात आहेत, दाबू नकोस, म्हणाला.